वाचकांचे प्रश्न : वादळानंतरचा सरकारी पैसा

प्रश्न : २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने सुमारे १२० अब्ज डॉलर खर्च केल्याचे वाचले. तरीही न्यू ऑर्लिन्समधील कित्येक घरे वर्षानुवर्षे ओस पडून होती, असे तिकडे राहणारा माझा भाचा सांगतो. हा पैसा मुरला कुठे? आणि आपल्याकडची पद्धत याहून वेगळी आहे काय?
— एक वाचक, अकोटा, वडोदरा

उत्तर : या १२० अब्जांपैकी सुमारे ७५ अब्ज डॉलर बचाव, निवारा, रोख साहाय्य अशा तातडीच्या मदतीतच संपले, पुनर्बांधणीला उरले ते त्याहून बरेच कमी. सार्वजनिक इमारती आणि रस्त्यांच्या खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार केंद्र उचलते, उरलेला राज्याने किंवा स्थानिक संस्थेने घालायचा असतो. शिवाय बहुतेक कामांत आधी खर्च करून नंतर परतावा मागावा लागतो. ज्या शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि ज्याचे करदातेच परगावी विखुरले, त्याने आधी खर्चायला पैसा आणायचा कुठून? हा स्थानिक वाटा अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, माफ केला तो मे २००७ मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांनी.

आपल्या भाच्याने पाहिलेल्या ओस घरांचे एक मोठे कारण मात्र लुइझियाना राज्याच्या ‘रोड होम’ योजनेच्या सूत्रात सापडते. केंद्राच्या पैशातून सुमारे १,३०,००० घरमालकांना सुमारे ९ अब्ज डॉलर देणाऱ्या या योजनेत कमाल अनुदान १,५०,००० डॉलर होते. पण वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी, ती आधाराला धरली जाई. समजा, दोन सारख्याच घरांच्या दुरुस्तीला प्रत्येकी १,४०,००० डॉलर लागणार आहेत. महागड्या वस्तीतील घराची किंमत दोन लाख असेल, तर विम्याची वजावट होण्यापूर्वी मालकाच्या हिशेबात पूर्ण खर्च येई. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तेच घर ९०,००० चे ठरले, तर ५०,००० ची तूट पहिल्याच दिवशी पदरी. यावर २००८ मध्ये खटला झाला आणि २०११ मध्ये ६.२ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोवर अनेकांनी घराचा नाद सोडला होता. आमच्या मते या सूत्राने जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही अफरातफरीने केले नसेल.

आपल्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत गुजरातसारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्केच आहे, पण तो परताव्याने नव्हे, तर हप्त्यांनी आधीच जमा होतो. दरही ठरलेले असतात: २०२२ च्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १.२० लाख रुपये, मग ते कोणत्याही वस्तीत असो. वस्तीनुसार भेद त्यामुळे टळतो खरा. मात्र हे साहाय्य आहे, भरपाई नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ओसरल्यावर वडोदऱ्यात केशडोल (रोख निर्वाह मदत) आणि घरवखरीची (घरगुती सामानाची) मदत मिळाली, तरी दुकानातील भिजलेल्या मालाला त्या चौकटीत जागा नव्हती. म्हणूनच राज्य सरकारला व्यापाऱ्यांसाठी वेगळे पॅकेज जाहीर करावे लागले आणि त्यात हातगाडीवाल्याच्या वाट्याला ५,००० रुपये आले.

प्रश्न : कतरिनाच्या मदतीत गैरव्यवहार किती झाला?
— दुसरे एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये अपात्र वाटपाचा अंदाज ६० कोटी ते १४० कोटी डॉलर असा दिला. मदतीच्या पैशातून फुटबॉल सामन्यांची तिकिटे आणि सहलीचा खर्च भागवल्याची उदाहरणेही त्यात होती, आणि वृत्तपत्रांनी ती चवीने छापली. अपव्ययाचा त्याहून ठळक नमुना आर्कान्सा राज्यातील होप या गावच्या विमानतळावर उभा होता: फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेने विकत घेतलेली हजारो फिरती घरे तेथे रिकामी पडून होती. पूरप्रवण जमिनीवर अशी घरे ठेवू नयेत, असा खुद्द फेमाचाच नियम होता, आणि ज्यांना घरे हवी होती त्यांच्यातील कित्येकांची जमीन नेमकी पूरप्रवण होती.