इतिवृत्ताची वही कुणाच्या पिशवीत?

प्रश्न: मी एका कंपनीत हिशेब विभाग सांभाळते. नवराही नोकरीत, मुलं दोन. चार वर्षांपासून वाचनालयाच्या समितीची चिटणीस आहे. सभांचं इतिवृत्त रात्री अकरानंतर लिहायला घेते. गाण्याचा रियाज वर्षभर बंद आहे. नवरा म्हणतो, "सांग ना, मी करतो." समिती सोडून देऊ का?

उत्तर: तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "सांग ना". काम करणं हा अर्धा भाग. ते लक्षात ठेवणं उरलेला अर्धा. तो अर्धा तुमच्याकडेच राहणार असेल, तर समिती सोडूनही डोकं हलकं होणार नाही.

आमच्याकडे सासूबाईंची औषधं नवरा आणायचा, पण पट्टीत चारच गोळ्या उरल्यात हे बघायचं काम माझं. एकदा म्हटलं, औषधं आजपासून तुझी, मोजण्यासकट. पुढच्याच महिन्यात एक गोळी संपली आणि रात्री दहाला धावाधाव झाली. त्यानंतर दर रविवारी तो पट्ट्या मोजायला बसू लागला. मधल्या काळात तोंड बंद ठेवणं मला फार जड गेलं, हेही सांगते. तेव्हा मुलांच्या शाळेचं सगळं, सूचना वाचण्यापासून सह्यांपर्यंत, नवऱ्याकडे द्या. एखादी तारीख चुकेल, चुकू दे.

तुम्ही हिशेबातल्या, म्हणून थोडे आकडे. आठवड्याचे तास 168. 1919 साली पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कारखान्यांसाठी 48 तासांची मर्यादा ठरवली. तेवढी नोकरी धरू. रोज सात तास झोप, म्हणजे 49. उरले 71. तीन आठवडे त्यांची नोंद ठेवा, प्रवासासकट. त्याआधी राजीनामा लिहू नका.

रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालक-समाजसुधारकाने तर एकोणिसाव्या शतकातच दिवसाचे आठ-आठ-आठ असे तुकडे पाडले होते: काम, विरंगुळा, विश्रांती. घरकाम कुठल्या आठात बसवायचं, कोण जाणे!

राहिलं इतिवृत्त. ते घरी आणताच कशाला? एकेक ठराव झाला की तिथेच दोन ओळी लिहायच्या, शेवटी वाचून दाखवायचं, अध्यक्षांची सही घ्यायची. मी अकरा वर्षं चिटणीस होते. ही अक्कल सातव्या वर्षी आली. शिवाय पुढच्या सभेत विचारा, चिटणीसपदाची मुदत किती? ठरलेली नसेल तर दोन वर्षांची ठरवून घ्या आणि सहचिटणीस मागा. वही त्यांच्या पिशवीत जाऊ दे.

रियाज मात्र या आठवड्यापासूनच. वीस मिनिटं, दार लावून.