एक्सेल मॅक्रोवरून (शीटमधलं काम आपोआप करणारा कोड) पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे जाताना सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं का?

नाही. लूप, इफ, फंक्शन हे सगळं तुम्हाला येतंच. 'मॅक्रोवाले म्हणजे प्रोग्रॅमर नव्हेत' असं म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. नवीन भाषा येते हो, घोळ होतो तो आकड्यांचा.

पगारपत्रकाचा एक मॅक्रो मी पायथनमध्ये नेला, तर एकूण बेरीज काही रुपयांनी कमी येत होती. रोज ५६५ रुपये, म्हणजे अर्ध्या दिवसाचे २८२.५०. शीटवरचं राउंड त्याचे २८३ करतं. पायथनचं राउंड २८२ करतं, कारण बरोबर अर्धा आला की ते सम संख्येकडे वळतं. रोज ५६७ असेल तर २८३.५० चे दोन्हीकडे २८४च होतात, म्हणून चार ओळी तपासून चूक सापडत नाही. व्हीबीएचं, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचं, स्वतःचं राउंडही पायथनसारखंच चालतं. तेव्हा जुन्या कोडमध्ये नुसतं राउंड आहे की वर्कशीटफंक्शनमधलं (म्हणजे शीटवरचंच), ते आधी बघा. वर्कशीटफंक्शनमधलं असेल तर पायथनचं डेसिमल मॉड्यूल घेऊन राउंड-हाफ-अप लावा, म्हणजे अर्ध्याचं वरच जाईल.

दुसरा खड्डा व्हीलूकअपचा, म्हणजे दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणाऱ्या सूत्राचा. ते पहिली जुळणारी ओळ घेऊन थांबतं, पांडाजचं (पायथनमध्ये तक्ते हाताळायची लायब्ररी) दोन तक्ते जोडणारं मर्ज जुळणाऱ्या सगळ्या ओळी आणतं. मास्टरमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मूळ यादीत, एखादा कर्मचारी क्रमांक दोनदा असला की त्याचा पगार दोनदा निघतो. मर्जमध्ये व्हॅलिडेट या पर्यायाला 'मेनी टू वन' द्या, म्हणजे जागीच एरर येईल.

क्रमांकांचे कॉलम वाचतानाच टेक्स्ट म्हणून वाचा, नाहीतर ००४५ चा ४५ होतो. खातेक्रमांक एक्सेलमध्ये आकडा म्हणून भरला असेल तर १५ अंकांपुढचे अंक तिथेच शून्य झालेले असतात, ते पायथन परत आणू शकत नाही.

'जुनं फेका, नव्याने लिहा' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. अर्धी रजा, उचल, थकबाकी यांचे नियम कुठल्याच कागदावर नसतात, त्या मॅक्रोतच असतात. आणि हो, सहकारी रोज शीट उघडून बटण दाबत असतील तर तेवढा मॅक्रो तसाच राहू द्या. बाकीच्यासाठी दोन महिने पगार दोन्हीकडून काढा आणि ओळीगणिक वजाबाकी करा. एका जरी ओळीचं उत्तर शून्य आलं नाही, तर मॅक्रो बंद करू नका.