इपोहची गुहामंदिरं आणि जुन्या गल्ल्या

प्रश्न : क्वालालंपूरहून आईला घेऊन दोन दिवस इपोहला जातोय. तिचे गुडघे दुखतात. काय बघावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : माझी आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती, म्हणून अनुभवाने सांगते. पेराक तोंग हे 1926 साली स्थापन झालेलं गुहामंदिर आधी बघा. आत बुद्धाची भव्य मूर्ती आणि चुनखडीच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं आहेत. वर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, तिथे आईंना मुळीच नेऊ नका. माझी आई खालीच बसली, चित्रं बघत. तासभर उठेना! केक लोक तोंगची गुहा आरपार आहे. पलीकडे तळी आणि बाग लागते. तो गारवा मला अजून आठवतो.

जुनं गाव किंता नदीच्या पश्चिमेला. कथिलाच्या खाणींच्या पैशावर उभं राहिलेलं. कॉन्क्युबाइन लेन इतकी अरुंद आहे, की गर्दीत आईंचा हात सोडू नका. सकाळीच जा. मग व्हाइट कॉफी प्या : मार्गारिनमध्ये भाजलेल्या बिया आणि वर कन्डेन्स्ड मिल्क. साखर वेगळी मागू नका, आधीच खूप गोड असते.