वाचकांचे प्रश्न : रस्ता आहे, पण वाट नाही

प्रश्न : नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या लेआउटमधून शाळा समोर दिसते, पण मधे भिंत असल्याने मोठ्या रस्त्यावरून वळसा पडतो. रस्ता रुंद केल्यास फरक पडेल का?

उत्तर : वळशात काहीच फरक पडणार नाही. अडचण रुंदीची नाही, जोडणीची आहे. शेतजमीन गटागटाने, म्हणजे एकेका गट नंबरच्या तुकड्याने, बिगरशेती होते. जो तो आपल्या गटापुरता रस्ता आखतो आणि तो शेजारच्या बांधाशी संपतो. पुढे शेजाऱ्याचा लेआउट होतो, तेव्हा त्याचा रस्ता दहा-पंधरा मीटर बाजूला निघतो, की झालं! उलट जुन्या पंचवटीतल्या अरुंद, पण एकमेकांना जोडलेल्या बोळांतून चारचाकी अडेल, माणूस अडत नाही.

रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत, ते आधी मोजा. नकाशावर प्रत्येक चौकाला 4, तिठ्याला 3, बंद टोकाला 1 गुण द्या आणि सरासरी काढा; ती जितकी जास्त, तितकी जोडणी चांगली. 2 चौक, 10 तिठे, 8 बंद टोकं असतील, तर 46 भागिले 20, म्हणजे 2.3, हे वाईटच. कुलूपबंद गेटही बंद टोकच धरा, नकाशा काहीही दाखवो. मग वळसा मोजा, चालायचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर : समजा 1200 मीटर भागिले 300 मीटर, म्हणजे चौपट वळसा.

उपाय भिंतीत दोन-तीन मीटरची पादचारी वाट. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या जागामालकांची लेखी संमती हवी. मधे नाला असेल तर मोरीचा, म्हणजे त्यावरच्या छोट्या पुलाचा, खर्च वाढतो. शेजारचा गट अजून मोकळा असेल, तर त्याचा लेआउट मंजूर होण्याआधीच महापालिकेच्या नगररचना विभागाकडे रस्ता जोडण्याची मागणी नकाशासह द्या; घरं उभी राहिल्यावर रस्त्याची आखणी सहसा बदलत नाही.