राजा आणि पंतप्रधान यांचं बिनसलं, तर सैन्य कोणाचं ऐकेल?

तुम्ही विचारलं आहे की, जिथे आजही राजाच सरसेनापती मानला जातो, तिथे राजा आणि सरकार आमनेसामने आले तर सैनिक कोणाचा हुकूम मानतील?

कायद्याचं आधी उरकतो. ब्रिटनमध्ये लष्करात भरती होणारा सैनिक राजाशी आणि त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतो, पंतप्रधानाशी नाही. (नौदलात तर अशी शपथच नाही.) तरीही राजा स्वतःच्या मर्जीने एक पलटणसुद्धा हलवू शकत नाही. संसदेच्या संमतीशिवाय शांततेच्या काळात सैन्य बाळगणं १६८९ सालीच बेकायदा ठरलं. सैन्याच्या शिस्तीचा कायदा आजही दर पाच वर्षांनी संसदेकडून नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. हुकूम राजाच्या नावाने निघतो, निर्णय मंत्र्यांचा असतो.

पण कायदा शांततेच्या दिवसांत चालतो. रणगाडे रस्त्यावर आल्यावर काय होतं, ते पाहायचं तर ग्रीस आणि स्पेनकडे जावं लागतं.

ग्रीसमध्ये १९६५ साली पंतप्रधान पापांद्रेऊ यांना संरक्षण खातं स्वतःकडे हवं होतं. तरुण राजे कॉन्स्टंटाइन यांनी नकार दिला आणि पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं, कारण सैन्य कोणाचं हा राजकीय भांडणाचा विषय झाला आणि राजा त्या भांडणातला एक पक्ष झाला. एप्रिल १९६७ मध्ये कर्नलांच्या एका टोळीने सत्ता बळकावली आणि राजाने त्यांच्या सरकारला शपथही दिली. मग १३ डिसेंबरला राजे उत्तरेतल्या कवाला शहरात गेले आणि सैन्याला आपल्या बाजूने उभं राहायला सांगितलं. काही सेनापती तयारही होते, पण हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्या सेनापतींनाच अटक केली. दुसऱ्या दिवशी राजा कुटुंबासह रोममध्ये होता. १९७४ च्या सार्वमतात ग्रीक जनतेने राजेशाहीच नाकारली.

स्पेनचे तेव्हाचे राजे हुआन कार्लोस हे याच कॉन्स्टंटाइन यांचे मेहुणे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी लेफ्टनंट कर्नल तेहेरो सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला आणि खासदारांना ओलीस ठेवलं. व्हॅलेन्सियात जनरल मिलान्स देल बॉश यांनी रणगाडे बाहेर काढले. बंडवाले राजाच्याच नावाचा आधार घेत होते. राजाने प्रांतोप्रांतीच्या लष्करप्रमुखांशी फोनवर संपर्क साधला आणि मध्यरात्रीनंतर सरसेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवरून आपण संविधानाच्या बाजूने असल्याचं स्पष्ट सांगितलं. रणगाडे मागे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तेहेरो शरण आला.

अधिकाऱ्यांनी हे का ऐकलं? १९७८ च्या संविधानात राजा सर्वोच्च सेनापती आहे म्हणून, असं अनेक जण सांगतात. मला ते अपुरं वाटतं. त्यातले बरेच अधिकारी आधीचा हुकूमशहा फ्रँको याच्या तालमीत वाढलेले होते. त्यांना त्या संविधानाचं फारसं प्रेम नव्हतं. पण हुआन कार्लोस यांना खुद्द फ्रँकोनेच १९६९ मध्ये वारस नेमलं होतं आणि ते तिन्ही दलांच्या प्रबोधिनींमध्ये शिकले होते. अधिकाऱ्यांच्या लेखी ते आपल्यातलेच होते. त्या रात्री लोकशाही वाचली ती बऱ्याच अंशी या ओळखीमुळे, आणि म्हणूनच मला त्या विजयाची थोडी भीतीही वाटते. तोच फोन उलट्या हुकमासाठी उचलला गेला असता, तर?

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: संकटाच्या वेळी सैनिक ओळखीच्या आणि विश्वासाच्या आवाजाचं ऐकतात, मग शपथेत नाव कोणाचंही असो. तो आवाज राजाचा असेल, तर त्याने मंत्रिपदांच्या भांडणात कधीही न पडणं हीच त्याची खरी ताकद आहे. स्पेनच्या युवराज्ञी लिओनोर यांनी २०२३ मध्ये लष्करी प्रशिक्षण सुरू केलं. ते मला योग्य वाटतं, पण सैन्याचा पैसा आणि कायदा मात्र कायम संसदेच्याच हाती राहायला हवा.