पाण्याखालची स्कूटर : बॅटरी तासभराची, पण परत कसं यायचं?

प्रश्न : आम्ही चार मित्र हिवाळ्यात अंदमानला, हॅवलॉकला जातोय. सगळ्यांचा स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स झालेला आहे. बोट न घेता किनाऱ्यावरूनच उतरायचं आणि हातात धरायच्या, पंख्यानं ओढत नेणाऱ्या स्कूटरनं लांबवर जाऊन यायचं, असा बेत आहे. बॅटरी तासभर चालते. अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं, बरोबर ना?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : भाऊ, हा हिशेब मोटरसायकलचा झाला. ती सावद्याच्या रस्त्यावर बंद पडली तर ढकलत नेता येते, कोणीतरी थांबतंही. पाण्याखाली स्कूटर बंद पडली की फिन, म्हणजे पायांतले रबरी पंख, मारतच परतायचं, आणि त्याला हवा लागते. म्हणून आधी हवेचं गणित करा, बॅटरीचं नंतर.

12 लिटरचा सिलिंडर, 200 बार दाब, म्हणजे 2400 लिटर हवा. स्कूटरला धरून निवांत जाणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 15 लिटर घेतो असं धरू. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून 30 लिटर. 20 मिनिटांत 600 लिटर गेले. वेग मिनिटाला 50 मीटर धरला तर तोवर तुम्ही 1 किलोमीटर दूर. आणि इथं मोटर थांबली! उरले 1800 लिटर. त्यातले 50 बार, म्हणजे 600 लिटर, राखीव. त्यांना हात लावायचा नाही. राहिले 1200. बंद स्कूटर ओढत फिन मारताना दम लागतो, मिनिटाला 40 लिटर तरी जाणारच. म्हणजे 30 मिनिटं. मिनिटाला 15 मीटर गेलात तर 450 मीटर झाले. बाकीचे 550 कशावर कापणार?

वर येऊन, जॅकेट फुगवून पाठीवर पोहता येतं, हे खरं. पण प्रवाह उलटा असेल तर तेही जमत नाही. स्कूटरची खरी मेख तिथंच आहे. जो प्रवाह तुम्हाला पायांनी तोडता येणार नाही, तो ती सहज तोडते, आणि असा प्रवाह आहे हे तुम्हाला कळतही नाही. म्हणून थोडं पुढं गेल्यावर स्कूटर बंद करायची आणि मिनिटभर नुसते फिन मारून बघायचं. तळाचा दगड मागं सरकत नसेल तर तिथूनच वळा. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना तो मदतीला असतो. आणि खोल समुद्राकडं तोंड करून जाण्यापेक्षा किनाऱ्याला धरून जा. माझ्या मते 300 मीटर पुष्कळ झाले.

आणखी एक. हॅवलॉकचं नेमो रीफ (प्रवाळांचा पट्टा) किनाऱ्याला इतकं लागून आहे, की तिथं स्कूटरची गरजच काय? बालीत तुलांबेनला 1963च्या ज्वालामुखीनं किनाऱ्यावरून पाण्यात ढकललेलं लिबर्टी जहाज आहे, तेही हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी स्कूटर नेली तर वाळू उडते आणि मागच्यांना काही दिसत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला हे वेड लागलंय. त्या पंख्यात हात गेला तर? लाटांत काय होईल?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, पंख्याभोवती कडं असतं, त्यामुळं हाताची भीती कमी. लोंबणारे पट्टे आणि मोकळे केस मात्र आवरून ठेवायला सांगा. लाटेत शिरताना स्कूटर अंगाच्या बाजूला धरायची, समोर नाही. लाट आणि माणूस यांच्यामध्ये ती आली की छातीवर आदळते. कमरेएवढ्या पाण्यापुढं जाईपर्यंत ती लॉकच राहू द्यायची, नाहीतर वाळू खेचून घेते. मला जास्त काळजी कानांची आणि फुप्फुसांची वाटते. खाली जाताना ती इतकी भरकन नेते की कान मोकळे करायला वेळ मिळत नाही. वर येताना तर ती बंदच असली पाहिजे, कारण मिनिटाला 9 मीटरपेक्षा जलद यायचं नाही. एवढं त्याच्याकडून पाठ करून घ्या.

प्रश्न : हतनूरच्या बॅकवॉटरमध्ये सराव केला तर चालेल का?
– वाचक, भुसावळ

उत्तर : नको. गाळामुळं स्वतःचा हात दिसत नाही, मासेमारीची जाळी पंख्यात गुंडाळली तर सोडवणार कोण, आणि धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय उतरायचं नसतंच. तरणतलाव बरा. मात्र समुद्रासाठी बरोबर तोललेली 12 किलोची स्कूटर गोड्या पाण्यात सुमारे 300 ग्रॅमनं जड पडते आणि बुडायला बघते. घाबरू नका, समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं म्हणून तसं होतं. तुमचंही तेच : सामानासह 100 किलो भरत असाल तर समुद्रात बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं अडीच किलो जास्त लागेल.

वापरून झाली की गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. माझा धंदा विहिरीतल्या मोटरी दुरुस्त करण्याचा. आमच्याकडं येणाऱ्या पुष्कळ मोटरी सील गेल्यानं जळालेल्या असतात. स्कूटरच्या ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं. पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, मगच झाकण लावा.

प्रश्न : विमानात नेता येते का?
– वाचक, धुळे

उत्तर : स्कूटर जाते, अडतं ते बॅटरीपाशी. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. 100 वॅट-तासांपर्यंत चालते, 100 ते 160 असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर प्रवासी विमानात बंदी. 25 व्होल्टची 10 अँपिअर-तासांची बॅटरी 250 भरते, म्हणजे ती घरीच राहिली. काही छोट्या स्कूटरांच्या बॅटऱ्या मुद्दाम 100च्या आत ठेवलेल्या असतात. बॅटरी काढून, टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी स्कूटर हवी असेल तर तिथंच भाड्यानं घ्या.