जर, तर आणि नाहीतर

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: प्रोग्रामिंगमधल्या इफ-एल्सला ('अट खरी असेल तर हे कर, नसेल तर ते कर' या आज्ञेला) मराठीत 'जर-तर' म्हणावं का, आणि तर्कशास्त्रातलं जर-तर तेच ना?

दोन्हींचं उत्तर नाही. कोडमध्ये चार अटी घातल्या की 'लॉजिक लिहिलं' म्हणायचं, हे ऐकून कान किटले. अट घालणं म्हणजे अनुमान काढणं नव्हे.

'जर खडकवासल्यातून मोठा विसर्ग सोडला, तर भिडे पूल पाण्याखाली जातो.' हे विधान. ते खरं असेल किंवा खोटं. खरं असेल, तर पूल कोरडा दिसताच मोठा विसर्ग सोडलेला नाही हे ठरलं. 'जर विसर्ग मर्यादेपलीकडे गेला, तर सायरन वाजव' हा मात्र हुकूम. हुकूम खरा-खोटा नसतो. सायरन ऐकू आला नाही म्हणून विसर्ग कमी असेल असं धरू नका. वीज गेलेली असू शकते. शिवाय हुकुमाला काळ असतो. 'शिल्लक दहापेक्षा कमी असेल तर एकाने वाढव' हे नऊ शिल्लक असताना चाललं, की जी अट आत्ता खरी होती ती पुढच्याच ओळीला खोटी!

तेव्हा इफ-एल्सला 'जर-नाहीतर' म्हणा. 'अन्यथा' नको, त्यातल्या 'था'मध्ये फक्त प्रकार आहे, वेळ नाही. 'नाहीतर'मध्ये 'तर' आहे, आणि सगळी गोडी त्या 'तर'मध्ये आहे.

'तर' आला 'तर्हि'वरून. त्यातला 'र्हि' हा पाणिनीने सांगितलेला कालवाचक प्रत्यय, आणि तोही 'अनद्यतने', म्हणजे आजच्या नसलेल्या काळासाठी! कर्हि म्हणजे कधी, तर्हि म्हणजे त्या वेळी. म्हणून तर 'जर' नसतानाही हा शब्द एकटा उभा राहतो: 'तर मंडळी', 'ये तर खरा', ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायारंभीचं 'तरी अवधान'. कुठे आहे अट?

'जर' मात्र 'यदि'वरून आणायची पुष्कळांना हौस. यदिचं प्राकृतात 'जइ' झालं, मग 'र' कुठून आला? म्हणे 'तर'च्या सहवासाने. दाखला म्हणून तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथातलं 'यदि वह्निर्न स्यात् तर्हि धूमोऽपि न स्यात्' पुढे करतात. आग नसती तर धूरही नसता. वाक्य सुरेख आहे. पण संस्कृतात यदि-तर्हि अशी जोडी होती, यापलीकडे त्यातून काहीही सिद्ध होत नाही. 'यर्हि-तर्हि', म्हणजे 'ज्या वेळी-त्या वेळी', ही जोडीही होतीच. तिच्यात 'र' जागच्या जागी आहे, जुन्या मराठीतल्या 'जरि'चा इकारसुद्धा आहे. घरचा 'र' टाकून शेजारचा उसना कशाला घ्यायचा?

माझ्या मते 'जर' म्हणजे मुळात 'ज्या वेळी'. ग्रीकांतही याच काळावरून गुरुशिष्यांत जुंपली होती. फिलोच्या मते जर-तर खोटं ठरतं ते एकाच स्थितीत: 'जर'चा भाग खरा आणि 'तर'चा खोटा. त्याचा गुरू डायोडोरस म्हणे, तशी स्थिती कोणत्याही वेळी संभवताच कामा नये. छपरावरचे कावळेदेखील याचीच चर्चा करतात, असं कवी कॅलिमाकसने लिहून ठेवलंय. 1879 साली जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने फिलोसारखाच अर्थ धरला आणि आधुनिक तर्कशास्त्राच्या जर-तरमधून वेळ गेली. व्युत्पत्ती लावणाऱ्यांनी ती मराठी 'जर'मधूनही काढून टाकावी, हे मला मुळीच मान्य नाही.